चिठ्ठीत निघालेलं मत

त्या वर्षी भातं कापायला आली आणि दादा आजारी होऊन घरी आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दत्तू, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पायदळात शिपाई. मी त्याची ट्रंक घ्यायला एस.टी.च्या दाराशी गेले तर ट्रंक हलकी आणि तो ट्रंकेपेक्षा हलका झालेला. कावीळ झाली होती. लष्करी दवाखान्यातून सुटला होता, पण डोळ्यांतली पिवळी झाक गेली नव्हती. अंगात ताकद येईपर्यंत घरी राहा म्हणून त्याला रजेवर पाठवलं होतं. आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडे, रस्त्यापासून मैलभर आत, गुंजवणीच्या काठाला. एरवी तो मैल ट्रंक डोक्यावर घेऊन शीळ घालत चालणारा माणूस त्या दिवशी तीन ठिकाणी बसला, आणि मी काही विचारलं की फक्त हसायचा.

आईने त्या दिवसापासून घरातलं तेल बंद केलं. त्याच्या एकट्याचं नाही, सगळ्यांचं. फोडणीचा वास त्याच्या नाकाला नको, असं तिचं म्हणणं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मुगाचं बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात, संध्याकाळी आंबेमोहोराची मीठ घातलेली पेज. आमच्या वडलांना, आण्णांना, लसणाच्या फोडणीशिवाय घास उतरत नसे. चौथ्या दिवशी ते ताटावर बसून म्हणाले, "कावीळ पोराला झालीया का मला?" आई म्हणाली, "घराला झालीया. गप गिळा." मी शनिवार-रविवारीच घरी असायचे, बाकी दिवस कॉलेजसाठी भोरात आत्याकडे, म्हणून माझं निभत होतं. सोमवारी आत्याकडे पोचले की मी आधी तळलेलं काहीतरी शोधायचे, आणि खाताना थोडी लाज वाटायची.

खळ्यावर झोडणी चालू होती. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा तो एकसारखा धप्प आवाज, मध्येच आण्णांचं खोकणं, आणि या सगळ्यावर दादाचा रेडिओ. त्याला कामाला हात लावायची बंदी होती. तो अंगावर चादर घेऊन पेंढ्याला टेकून बसायचा आणि रेडिओ कानाशी धरून लंकेच्या बातम्या ऐकायचा, कारण त्याची पलटण तिकडे गेली होती. तो दवाखान्यात पडला होता तेव्हा बाकीचे सगळे जहाजात चढले. लंकेतल्या तमिळ लोकांनी तिथल्या सरकारविरुद्ध उठाव केला होता, वर्षानुवर्षं एकाच देशातली माणसं एकमेकांना मारत होती. दोघांच्या मध्ये उभं राहून शांतता करायची, बंदुका खाली ठेवायला लावायच्या, म्हणून आपलं सैन्य गेलं. आणि काही आठवड्यांतच, ज्यांना वाचवायला म्हणून गेलं त्यांच्यातल्याच बंडवाल्यांशी त्याची लढाई जुंपली. रेडिओवर हे सांगताना निवेदकाचा आवाज भाजीपाल्याचे भाव सांगतानाचाच असायचा.

दुसऱ्याच्या देशातल्या भांडणात आपण जावं का, यावर आमच्या घरात दोन मतं होती आणि दोन्ही एकाच गोष्टीवरून पडली होती. मी लहान असताना शेजारच्या दोघा सख्ख्या भावांचं खाचराच्या पाण्यावरून वाजलं. धाकट्याच्या बायकोने ओरडून आण्णांना हाक मारली. आण्णा जेवत होते, तसेच उष्ट्या हाताने धावले आणि दोघांच्या मध्ये शिरले. थोरल्याचा कोयता खाली आला तो आण्णांच्या उजव्या मनगटावर. हात वाचला, पण पुढे जन्मभर तो वळला नाही. भाकरीचा तुकडासुद्धा ते दोन बोटांत चिमटीने मोडायचे. सहा महिन्यांनी त्या दोघा भावांचं गोड झालं. थोरल्याच्या लेकीच्या लग्नात दोघे मांडीला मांडी लावून बसले आणि आम्हाला अक्षतांचं बोलावणंसुद्धा आलं नाही. लंकेची बातमी लागली की आई हे लग्न काढायची. आण्णा म्हणायचे, "हाक आली तर जावं लागतं. आज बी आली तर जाईन." आई म्हणायची, "जावा की. डावा हात हाय अजून शाबूत."

दादा दोघांचंही ऐकायचा आणि रेडिओ पुन्हा कानाशी धरायचा. रजा संपत आली होती. भोरच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं होतं की अशक्तपणा आहे, रजा वाढवून मिळावी असा कागद मी लिहून देतो, तो घेऊन पुण्याला लष्करी दवाखान्यात दाखव. तसं झालं तर त्याला पलटणीकडे न पाठवता नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवायला ठेवतील, असं त्याच्या साहेबानेच सुचवलं होतं. आईने मनात ते पक्कं करून टाकलं होतं. दादाचं मात्र ठरत नव्हतं. एका सोमवारी मी भोरला जायला निघाले तेव्हा तो फाट्यापर्यंत सोडायला आला आणि वाटेत म्हणाला, "सुमे, गोळीचं काय न्हाई. त्याचाच पगार हाय. पर आपून कशापायी जातोय ते कुनीतरी नीट सांगाया पायजे. जोडीदाराचं पत्र आलं, म्हनतो, हितली मानसं दारं लावून घेत्यात आमाला बगून." मी म्हटलं, डॉक्टरचा कागद घे आणि गप्प बस. त्या वेळी माझं मत असं एवढंच होतं.

तेव्हा कॉलेजात वादविवाद स्पर्धेची गडबड चालली होती. प्रत्येक कॉलेजने दोन विद्यार्थी पाठवायचे, एकाने विषयाला अनुकूल बोलायचं, दुसऱ्याने प्रतिकूल, आणि दोघांचे गुण मिळून फिरता करंडक. त्या वर्षीचा विषय होता, शेजारी राष्ट्रातील यादवीत भारताने सैन्य पाठवणे योग्य आहे. आमचे मराठीचे सर दोन्ही भाषणं स्वतः लिहायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, सगळ्याच कॉलेजांत असंच चालायचं. विद्यार्थ्याने पाठ करायचं, हातवारे बसवायचे, घसा जपायचा. माझ्या जोडीला माधुरी होती, भोरातल्या वकिलांची मुलगी, शुद्ध बोलणारी. कुणी कोणती बाजू घ्यायची यासाठी सरांनी दोन चिठ्ठ्या खडूच्या डब्यात टाकल्या आणि डबा टेबलावर ठेवला. माधुरी म्हणाली, तू आधी घे. मी घेतली. अनुकूल. सरांनी आपल्या वळणदार अक्षरातले चार कागद माझ्या हातात दिले आणि दुसरे चार तिच्या. मी फक्त एवढं विचारलं की आधी कोण बोलणार.

नीरेच्या काठाने फिरत आम्ही दोघींनी ती भाषणं पाठ केली, एकमेकींना म्हणून दाखवली, एकमेकींच्या चुका काढल्या. शेवटी दोघींना दोन्ही येऊ लागली. माधुरीचं भाषण थोडं बरं होतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि त्याचा राग यायचा. म्हणून मी माझ्या भाषणात पदरचं एक घातलं. आण्णांचा हात. उष्ट्या हाताने धावलेला माझा बाप, कोयता, न वळणारं मनगट, आणि तरीही "हाक आली तर जावं लागतं" हे त्यांचं वाक्य. लग्नाचं बोलावणं आलं नाही, तो भाग मी गाळला. त्याने परिणाम कमी झाला असता. सर चष्मा काढून म्हणाले, "वा. हे घालच. डोळ्यांत पाणी आणशील."

स्पर्धेच्या दिवशी दादा भोरला आला. आईने त्याला डॉक्टरांचा कागद आणायला पाठवलं होतं आणि डॉक्टर दुपारी चारनंतर बसत, तेव्हा मधल्या वेळात बहिणीचं भाषण ऐकू म्हणून तो सभागृहात शिरला. सगळ्यात मागच्या रांगेत, गळ्याला मफलर, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी बोलले. काय बोलले ते आजही शब्दन् शब्द येतं, पण इथे लिहायला हात धजत नाही. आण्णांच्या हाताचा भाग आला तेव्हा सभागृह गप्प झालं आणि मला पहिल्यांदाच कळलं की दोनशे माणसं माझ्या श्वासावर अडकलेली असणं म्हणजे काय. ते सुख होतं. त्याला दुसरं नाव देण्याइतकी आता मी खोटी राहिलेली नाही. करंडक आमच्या कॉलेजला आणि वैयक्तिक पहिला क्रमांक मला मिळाला. माधुरीला उत्तेजनार्थ.

बाहेर आलो. करंडक दोन दिवस घरी न्यायची परवानगी सरांनी दिली होती, तो माझ्या काखेत होता. डॉक्टरांच्या दवाखान्याअलीकडे उसाच्या रसाचं दुकान होतं. काविळीला रस चांगला म्हणून दादाने दोन पेले सांगितले. अर्धा पेला पिऊन तो म्हणाला, "कागद नको घ्यायला."

मी म्हटलं, "का रे?"

"आता तूच सांगितलंस की का ते." तो पेल्यातल्या फेसाकडे बघत होता. "आण्णा रोज म्हनत्यात, पर आण्णांचं काय, त्यांना सवय हाय धावायची. आईचं काळीज आईचं. तू शिकल्याली. तू चार पुस्तकं वाचून, इचार करून बोललीस. तुला पटलंय म्हंजी त्यात कायतरी आसंल."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दादा, ते भाषण सरांनी लिहिलंय, मला चिठ्ठीत आलं, दुसरी चिठ्ठी आली असती तर मी उलटं बोलले असते. एवढंच म्हणायचं होतं, पेला खाली ठेवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. मी म्हटलं नाही. माझ्या फौजी भावाने, ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या, त्याने मला पहिल्यांदा आपल्याहून शहाणी म्हटलं होतं. ते मला हवं होतं. थोडा वेळ असू दे, एस.टी.त सांगू, असं मी ठरवलं. एस.टी. नसरापूरपासून इतकी भरली की आम्ही दोन टोकांना उभे राहिलो. मग घरी सांगू असं ठरवलं.

घरी आईने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग खिशाकडे, मग माझ्याकडे. दादाने सरळ सांगितलं की कागद आणला नाही, रजा संपली की पलटणीकडे जातोय. आई चुलीपुढे होती. उठली नाही, ओरडली नाही. लाकूड मागे ओढून तिने जाळ कमी केला आणि मला म्हणाली, "सुमे, तुझं ऐकतो त्यो. तू सांग त्याला."

सगळे माझ्याकडे बघत होते. आण्णा, दादा, आई. कोनाड्यात करंडक ठेवलेला. मी म्हटलं, "आई, त्याला पटलंय तर जाऊ दे की."

हे वाक्य सरांनी लिहिलेलं नव्हतं. ते माझं होतं.

चार दिवसांनी तो गेला; तेवढ्या दिवसांत त्याने ते भाषण रोज माझ्याकडून म्हणवून घेतलं. त्या सकाळी आईने दीड महिन्यानंतर पहिल्यांदा वरणाला लसणाची फोडणी दिली. घरभर वास सुटला, आण्णा लांबूनच "आलो, आलो" म्हणत आले, आणि दादा दोनदा भात घेऊन जेवला. डोळे स्वच्छ पांढरे झाले होते. फाट्यावर एस.टी.च्या पायरीवरून त्याने मला म्हटलं की पुढच्या वर्षी बी पहिला नंबर आन. मी मान हलवली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथे उभे होतो, आणि सांगायचं ते अजून माझ्या तोंडातच होतं. पत्रात लिहिता आलं असतं. त्याची दोन पत्रं आली, दोन्हींना मी उत्तरं लिहिली, खुशालीची. पत्रातही नाही लिहिलं.

शिमगा होऊन आठ दिवस झाले असतील. पोलीसपाटील आणि वेल्ह्याहून आलेला एक हवालदार अंगणात आले आणि हवालदाराने टोपी काढली. आई म्हशीची धार काढत होती. टोपी बघून तिने पाटलांना विचारलं, "कुठल्या गावचा?" तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं सांगायला आलेत. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर दादाची गाडी गेली होती. तिकडेच दहन केलं. महिन्याभराने लाल फडक्यात बांधलेला कलश आला. आमच्याकडे तेव्हा मिरवणूक निघाली नाही, फलक लागले नाहीत. तोवर लोकांची मतं बदलली होती. बाजारात एक माणूस आण्णांना तोंडावर म्हणाला, "आपलं काय आडलं व्हतं तिकडं?" हाकेचं ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

आत्ता, हे लिहीत असताना, कुठल्या तरी देशात लोक रस्त्यावर उतरलेत आणि बाहेरच्या देशाने आत शिरावं की नाही यावर टीव्हीवर दहा खिडक्यांत दहा माणसं भांडताहेत. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातनंतर तेच चालू असतं. ज्यांनी आयुष्यात शाळेतलं भांडण सोडवलं नाही ते तिथे फौजा पाठवून मोकळे होतात, आणि ज्यांना शेजारच्या घरातलं रडणं कधी ऐकू आलं नाही ते तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे म्हणून हात झटकतात. मला विचारतात, मॅडम, तुमचं मत काय. मला दोन्ही बाजू पाठ आहेत, कुठलीही म्हणून दाखवीन. खरं सांगायचं तर हाक मारणाऱ्याकडे कुणीच जाऊ नये असं म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही, आणि जा म्हणायला तर मुळीच नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, वादविवाद स्पर्धेला एकदाही परीक्षक म्हणून बसले नाही. घसा दुखतो, असं सांगायचे.

कलश घेऊन आला तो नामदेव, भोंगवलीचा, दादाच्या पलटणीतला. ज्याचं पत्र यायचं तो हाच. दोन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी आण्णांबरोबर नदीवरचं सगळं उरकून आल्यावर तो खळ्यावर बसला होता. मी चहा नेऊन दिला. तो म्हणाला, "ताई, तुमचं भाषान पाठ व्हतं दत्तूला."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"आला तवा रोज म्हनून दाखवायचा आमाला. माजी बहीन म्हनायचा, पैला नंबर. तुमच्या वडलांच्या हाताचं आलं की पोरं टाळ्या वाजवायची. आमाला बी बरं वाटायचं वो. कुनीतरी सांगत व्हतं ना, की कशापायी आलोय."

"मग?"

"मंग बंद केलं." त्याने चहा खाली ठेवला. "येका गावात घरं तपासाया गेलतो. येक म्हातारी उंबऱ्यात आडवी बसली, आत जाऊ दीना. दत्तू खाली वाकला तिच्यापुढं. हिंदीत सांगतोय, हातवारे करतोय, तुमी बोलावलं म्हनून आमी आलो, तुमी बोलावलं. तिला भाषा कुठं कळतीया. ती नुसती मान हालवत ऱ्हायली, न्हाई, न्हाई. त्या दिवसापासनं त्यानं भाषान म्हनलं न्हाई. पोरांनी लई आग्रह केला तरी न्हाई." मग तो म्हणाला, "मला म्हनला, सुमीला कळवू नगंस."

"काय कळवू नको?"

"हेच. की हाक कुनी मारली नव्हती म्हनून." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्या कळवनार नव्हतो ताई. पर येकट्यानं कुठवर धरून ठिवू?"

तो जेवून दुपारच्या एस.टी.ने गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि आईने त्याला तांदळाची पुरचुंडी बांधून दिली. मग ती मागच्या पडवीत तांदूळ पाखडत बसली. मी तिच्यापुढे जाऊन बसले. दादाने मरेपर्यंत मला सांभाळलं होतं, आणि माझ्याकडून एक वाक्य सुटलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. खडूचा डबा, सरांचं अक्षर, चिठ्ठ्या. ते माझं मत नव्हतं. रस पिताना त्याला सांगणार होते, एस.टी.त सांगणार होते. दुसरी चिठ्ठी आली असती तर तेवढ्याच जोराने मी जाऊ नका म्हणून बोलले असते, आणि त्याने तेही ऐकलं असतं.

सूप थांबलं. आईने मान वर केली.

"दोन व्हत्या चिठ्ठ्या?"

"व्हय."

"दोन्ही तुझ्याम्होरं व्हत्या? आदी तूच घेतलीस?"

"व्हय."

"मंग दुसरी का न्हाई उचललीस गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि मी काय सांगते ते ऐकायला मांडीवर सूप घेऊन थांबली होती.